सह्याजीराव नको, शाळेचा कारभारी हवा

पावसाळ्यात पश्चिम भागातील एका गावी आम्ही गेलो होतो. गावाचे नाव मुद्दामच देत नाही, कारण सांगतो ती गोष्ट सीमाभागातल्या कोणत्याही गावची असू शकते. मराठी शाळेच्या व्हरांड्यात एसडीएमसीची बैठक होती. रोप लावणीचे दिवस असल्याने निम्मे सदस्य शेतात होते. आले होते त्यांच्या पायांचा चिखलही वाळला नव्हता. शाळेत मराठीतून शिकविणारे शिक्षक कमी पडतात, एक जागा भरून द्या, असा अर्ज गावाने केला होता. त्याचे उत्तर घेऊन अध्यक्ष तालुक्याहून परतले होते. उत्तर एका वाक्याचे होते. शाळेच्या विकास आराखड्यात शिक्षकाची मागणीच केलेली नाही.

आराखड्याची प्रत आम्ही पाहिली. शिक्षकांच्या गरजेचा रकाना होता. त्यात एक आडवी रेघ ओढलेली होती आणि पानाच्या शेवटी समितीच्या सर्व सदस्यांच्या सह्या होत्या. दोन अंगठेही होते.

"कन्नडात हाय ते सगळं. सरांनी सही करा म्हटलं, मी सही करून सोडलो बघा," अध्यक्ष म्हणाले.

यात लबाडी कुणाचीच नव्हती, हे आधी सांगितले पाहिजे. मुख्याध्यापकांच्या टेबलावर रजिस्टरांचा ढीग होता. दोन वर्ग एकत्र बसवून शिकवायचे, माध्यान्ह आहाराचा तांदूळ मोजून द्यायचा आणि मागितलेला कागद वेळेत पोहोचवायचा, अशा धावपळीत रकाना मोकळा ठेवण्यापेक्षा रेघ बरी, एवढाच त्यांचा विचार होता. पण त्या रेघेने गावाचे एक वर्ष गेले. अध्यक्ष काही भोळे गृहस्थ नव्हेत. बेळगावच्या मार्केट यार्डात रताळ्याचा भाव ठरविताना दलालाला पुरून उरणारा हा माणूस आहे. शाळेच्या कागदापुढे मात्र तो मुका होतो. का, हाच या लेखाचा विषय आहे.

खुर्ची मिळाली, पण…

कर्नाटकात शाळा सुधारणा व देखरेख समित्या, ज्यांना आपण सारे एसडीएमसी म्हणतो, त्या २००१ साली आल्या. पुढे २००९ चा शिक्षण हक्क कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो लागू झाला. त्यामुळे शाळेच्या समितीला केंद्रीय कायद्याचे पाठबळ मिळाले. या कायद्याच्या २१ व्या कलमानुसार समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालकच हवेत आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया हव्यात. शाळेच्या कारभारावर देखरेख ठेवणे, शाळेचा विकास आराखडा करणे आणि मिळालेल्या अनुदानाचा विनियोग कसा होतो ते पाहणे ही कामे याच कलमाने समितीकडे दिली आहेत. त्याच्यापुढचे २२ वे कलम तर प्रत्येक सदस्याने पाठ करावे असे आहे. समितीने केलेला आराखडाच सरकारच्या योजनांचा आणि अनुदानाचा आधार असेल, असे ते म्हणते.

म्हणजे ज्या पानावर ती रेघ ओढली गेली, ते पान केवळ कार्यालयीन सोपस्कार नव्हते. गावाने सरकारपुढे मांडायचे मागणीपत्रच ते होते. कायद्याने आपल्या माणसाला खुर्ची दिली, पण त्या खुर्चीत बसून काय करायचे ते शिकविण्याची तसदी फारशी कुणी घेतली नाही.

त्या बैठकीत मागच्या बाकावर एक सदस्या बसल्या होत्या. बैठक संपेपर्यंत त्यांनी तोंड उघडले नाही. बाहेर पडताना आम्ही विचारले, "ताई, तुम्हाला समितीचे प्रशिक्षण मिळाले नाही का?"

"गेलाव की आमी. चा-बिस्कूट दिलं, पुस्तक दिलं. पुस्तक कन्नडात," त्या म्हणाल्या. पुस्तक कुठे आहे म्हणून विचारले, तर पिठाच्या डब्यावर झाकण म्हणून ठेवल्याचे हसत सांगितले.

या बाईंकडे आम्ही पुन्हा येऊ.

तिकडचे स्कूल बोर्ड

आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीला 'स्कूल बोर्ड' हा शब्द परका नव्हता. मुंबई इलाख्यात १९२३ च्या प्राथमिक शिक्षण कायद्याने गावोगावच्या शाळांचा कारभार लोकल बोर्डांकडे आणि त्यांच्या स्कूल बोर्डांकडे गेला आणि बेळगाव १९५६ पर्यंत मुंबईच्याच कारभाराखाली होते. जुनी माणसे 'बोर्डाची शाळा' म्हणतात ती त्यामुळे. आपल्याकडे हा शब्द मागे पडला, अमेरिकेत मात्र तो अजून जिवंत आहे. तिथे तेरा हजारांच्या आसपास शालेय जिल्हे आहेत आणि बहुतेकांचे बोर्ड लोकांनी निवडून दिलेले असते. निवडून येणारे काही शिक्षणतज्ज्ञ नसतात. कुणी शेतकरी, कुणी नर्स, कुणी दुकानदार. बहुतेक ठिकाणी पगार नाही, असला तर नाममात्र. तरीही शाळांचा मुख्य अधिकारी हेच बोर्ड नेमते, अंदाजपत्रकही तेच मंजूर करते, आणि अनेक राज्यांत शाळेसाठी लोकांवर किती कर बसवायचा यातही त्याचा हात असतो.

एवढा अधिकार सामान्य माणसाच्या हाती द्यायचा तर त्याला ते काम शिकवावे लागेल, हे तिथल्या राज्यांनी एकेक करून ओळखले. इलिनॉय राज्यात २०११ च्या कायद्याने बोर्डाच्या सदस्याला पहिल्या वर्षातच किमान चार तासांचे प्रशिक्षण सक्तीचे झाले. त्यात शिक्षण व कामगार कायदे, पैशांवरची देखरेख आणि विश्वस्त म्हणून येणारी जबाबदारी हे विषय आहेत. पेनसिल्व्हेनियाने २०१७ साली कायदा केला आणि नव्याबरोबर पुन्हा निवडून आलेल्यालाही वर्गात बसविले. जुना जाणता म्हणून सूट नाही!

ही झाली सक्ती. त्याच्या वरच्या पायऱ्या ज्याने त्याने आपल्या हौसेने चढायच्या. कॅलिफोर्नियात स्कूल बोर्डांच्या संघटनेचा 'मास्टर्स इन गव्हर्नन्स' नावाचा अभ्यासक्रम आहे. न्यू जर्सीत 'प्रमाणित सदस्य', मग 'मास्टर सदस्य' आणि त्यानंतर नेतृत्वाचे प्रमाणपत्र अशा चढत्या पायऱ्या आहेत. टेक्सासात तर अनुभवी सदस्यांसाठी वर्षभर चालणारा नेतृत्वाचा वर्ग आहे आणि तो पुरा करणाऱ्याला 'मास्टर ट्रस्टी' म्हणतात. घरचे काम सांभाळून, पदरचा वेळ घालून माणसे हे करतात. केवळ भिंतीवर फ्रेम लावण्यासाठी प्रमाणपत्रे गोळा करणारेही त्यांत असतीलच. तशी माणसे कुठे नसतात? पण या वर्गांत शिकवितात काय, ते आपल्या कामाचे आहे.

पहिला धडा ऐकून आपले अनेक समिती सदस्य चमकतील. एकट्या सदस्याला काडीचाही अधिकार नसतो. वर्गात शिरून शिक्षकाला फैलावर घेण्याचा नाही, की आपल्या भावकीतल्या माणसाला काम देण्याचा नाही. अधिकार आहे तो बैठकीत बसलेल्या बोर्डाला, ठराव करून, नोंद ठेवून. दुसरा धडा असा की, काय साधायचे ते बोर्डाने ठरवावे आणि ते साधले की नाही ते वेळोवेळी विचारावे. कसे साधायचे ते शाळा चालविणाऱ्यावर सोडावे. त्यानंतर अंदाजपत्रक वाचणे, मुलांच्या प्रगतीचे आकडे वाचणे, सभेत विरोध नोंदविणे आणि विरोध करूनही झालेला निर्णय पाळणे हे सगळे शिकविले जाते. आपल्याकडे याच्या नेमके उलट चालते. एकटा सदस्य गावात दरारा गाजवितो आणि बैठकीत बसला की निमूटपणे सही करतो.

आयोवा राज्यातल्या बोर्डांच्या संघटनेने २००० साली एक पाहणी प्रसिद्ध केली. ज्या जिल्ह्यांत मुले चांगली शिकत होती आणि ज्या जिल्ह्यांत मागे पडत होती, तिथल्या बोर्डांची त्यांनी तुलना केली. पुढे असलेल्या जिल्ह्यांत बोर्डाच्या सदस्यांना आपल्या शाळांत सुधारणेचे काय काम चालले आहे ते नेमके सांगता येत होते आणि प्रत्येक मूल अजून पुढे जाईल असा त्यांचा विश्वास होता. मागे पडलेल्या जिल्ह्यांत सदस्य घरची परिस्थिती, आईबापांची अनास्था अशी कारणे सांगून गप्प बसत होते. आपल्या गावच्या पारावर दुसऱ्या प्रकारची वाक्ये किती वेळा ऐकू येतात, ते वाचकांनीच आठवावे.

साठ आणि एकसष्ट

आता आपल्या शाळेकडे वळू. एसडीएमसीच्या सदस्याने शिकावे म्हणजे काय शिकावे? आमच्या मते सुरुवात पटापासून करावी. शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीप्रमाणे पहिली ते पाचवीचा पट साठपर्यंत असेल तर दोन शिक्षक, एकसष्ट ते नव्वद असेल तर तीन आणि एकशेवीसपर्यंत चार. साठ आणि एकसष्ट यांत एका मुलाचा फरक आहे, पण त्या एका मुलाने एक शिक्षक येतो किंवा जातो. सकाळी गावात पिवळी व्हॅन येते आणि इंग्रजी शाळेकडे चार मुले घेऊन जाते, तेव्हा मागे राहिलेल्या मुलांच्या वाट्याचा शिक्षकही कधीकधी तिच्यात बसून जातो. त्या व्हॅनला अडविता येणार नाही. माध्यम निवडण्याचा हक्क पालकांचा आहे आणि खासगी शाळांवर मातृभाषेची सक्ती करता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने कर्नाटकाच्याच खटल्यात २०१४ साली सांगितले. तेव्हा मुलांना आपल्या शाळेत ठेवायचे, तर शाळा चांगली करणे एवढाच मार्ग उरतो.

मराठी शाळेच्या सदस्याला आणखी एक गोष्ट ठाऊक असली पाहिजे. एका वर्गात दहा किंवा सबंध शाळेत चाळीस मुले अल्पसंख्य भाषेची असतील, तर त्यांच्या मातृभाषेतून शिकविणारा शिक्षक द्यावा, हे सूत्र १९४९ च्या प्रांतिक शिक्षणमंत्र्यांच्या परिषदेत ठरले. पुढे १९५६ च्या सातव्या घटनादुरुस्तीने ३५० अ हे कलम आले आणि भाषिक अल्पसंख्याकांच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याच्या सोयी करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने व प्रत्येक स्थानिक संस्थेने करावा, असे राज्यघटनेतच लिहिले गेले. स्थानिक संस्थेत आपली ग्राम पंचायतही आली. ग्राम पंचायतीत गटार आणि दिव्यांच्या खांबांवर तास तास भांडणाऱ्या आपल्या किती सदस्यांनी या कलमाचे नाव काढले आहे?

त्यानंतर पैसा. 'समग्र शिक्षा' योजनेच्या २०२१ च्या तक्त्यात शाळेचे वार्षिक एकत्रित अनुदान पटावर ठरते. तीसपर्यंत पट असेल तर १०,००० रुपये, शंभरपर्यंत २५,००० आणि अडीचशेपर्यंत ५०,००० रुपये, असा तो हिशेब आहे. यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेसाठी आहे. ग्रंथालयासाठी प्राथमिक शाळेला ५,००० रुपयांपर्यंत आणि आठवीपर्यंतच्या शाळेला १३,००० रुपयांपर्यंत वेगळी तरतूद आहे. रक्कम फार मोठी नाही. पण त्या कपाटात मराठी गोष्टींची पुस्तके किती आली, हे विचारणे समितीचे काम आहे, आणि ते खरेदीच्या आधी विचारावे लागते. एका शाळेत आम्ही कपाट उघडून पाहिले. पुस्तके नवी कोरी होती, पण मराठी शाळेतल्या तिसरीच्या मुलाने हौसेने वाचावे असे एकही पुस्तक त्यांत सापडेना. खरेदीच्या यादीवर सही? अर्थातच सर्वांची.

भाषेचा प्रश्न

इथे काही वाचक म्हणतील, कागदच मराठीत मिळाला तर ही वेळ येणार नाही. खरे आहे. ज्या तालुक्यात भाषिक अल्पसंख्याक पंधरा टक्के वा अधिक आहेत, तिथे महत्त्वाची परिपत्रके व नियम त्यांच्या भाषेत प्रसिद्ध करावेत, हे भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणयोजनेत पूर्वीच मान्य झाले आहे. ती मागणी सोडू नये. समितीच्या बैठकीत तसा ठराव करून तो पाठविला पाहिजे आणि पोच घेतली पाहिजे. राज्यघटनेचे ३५० वे कलम तर आणखी स्पष्ट आहे. आपले गाऱ्हाणे संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत कोणत्याही अधिकाऱ्याकडे मांडण्याचा प्रत्येकाला हक्क आहे. मराठीतला अर्ज चालत नाही असे कुणी टेबलावरून सांगितले, तर वाद न घालता या कलमाचा आकडा अर्जाच्या डोक्यावर लिहावा. माहिती हवी असेल तर २००५ चा माहिती अधिकार कायदा आहे. दहा रुपये फी आणि तीस दिवसांची मुदत. कर्नाटकात मात्र अर्ज एकाच विषयाचा आणि साधारण दीडशे शब्दांत बसणारा हवा, नाहीतर तेवढ्याच कारणाने तो परत येतो.

पण मराठी कागद येईपर्यंत काय करायचे? येथे आमचे मत काहींना रुचणार नाही, तरी लिहितो. मराठी शाळेच्या समितीवर बसणाऱ्याला कन्नड वाचता आले पाहिजे, किंवा ज्याला वाचता येते असा माणूस त्याच्या शेजारी बसला पाहिजे. यात मराठीची हार नाही. ज्या कागदावर आपल्या शाळेचे नशीब लिहिलेले आहे तो वाचता न येणे ही हार आहे. आमच्या ओळखीचे एक निवृत्त गुरुजी म्हणतात, कोर्टात दावा लावणारा आधी समोरच्याचे कागद वाचतो, मग तोंड उघडतो. न वाचता सही करू नये, हा नियम तर कोणत्याही भाषेच्या कागदाला लागू आहे. कागद मोठ्याने वाचून दाखवा, अर्थ मराठीत सांगा आणि तशी नोंद ठराव बुकात करा, असे सदस्याने म्हटले तर त्याला कुणी नाही म्हणू शकत नाही.

राहिले प्रशिक्षण. खात्याने मराठीत पुस्तिका द्यावी, ही मागणी आहेच. पण गावोगावच्या मंडळांनी आणि निवृत्त शिक्षकांनी मनात आणले तर सहा संध्याकाळी पुरतील. एक दिवस कायद्याची दोन कलमे, एक दिवस पट आणि शिक्षकसंख्या, एक दिवस अनुदानाचा हिशेब, एक दिवस आराखड्याचे रकाने, एक दिवस ठराव कसा लिहायचा आणि शेवटच्या दिवशी खोटी बैठक भरवून सराव. शेवटी मंडळाने आपल्या शिक्क्यानिशी एक प्रमाणपत्र द्यावे. त्याला सरकारी मान्यता नसेल, नसू दे. मूर्तीची उंची दोन फूट कमी झाली तरी गणपती रागावणार नाही, आणि वाचलेल्या पैशांत सबंध समितीसाठी कायद्याच्या प्रती काढता येतील.

आणि आता त्या मागच्या बाकावरच्या बाईंची गोष्ट. दिवाळीनंतर आम्ही त्याच गावी पुन्हा गेलो. पिठाच्या डब्यावरचे पुस्तक जागेवर नव्हते. बाईंची मुलगी सातवीत, त्याच मराठी शाळेत. शाळेत कन्नड शिकलेली. रात्री जेवणे झाल्यावर ती एकेक पान कन्नडात वाची आणि मराठीत सांगे, आणि आई मुलीच्या जुन्या वहीत आपल्याला समजले तसे लिहून घेई. शब्द अडला की मुलगी दुसऱ्या दिवशी शाळेत विचारून येई. पंधरा-वीस दिवसांत पुस्तक संपले. वही आम्ही पाहिली. पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरात '२१' आणि '२२' असे आकडे होते.

पुढचा आराखडा सहीला आला, तेव्हा या बाईंनी तो बैठकीत वाचून दाखवायला सांगितला. मुख्याध्यापकांनी वाचला. शिक्षकांच्या रकान्याशी आल्यावर त्यांनी थांबविले आणि विचारले, "सर, इथं रेघ का मारलासा? आमच्या पोरांचा पट मोजा की." पट मोजला गेला. रकान्यात 'एक शिक्षक, मराठी माध्यम' असे लिहिले गेले. खाली ठराव बुकात त्याचा ठराव मराठीत उतरविला आणि सह्या झाल्या. मुख्याध्यापकांना राग आला का, असे आम्ही त्यांना एकीकडे घेऊन विचारले. ते म्हणाले, "राग कसला? मी एकट्याने मागितले तर फाईलमध्ये जाते. समितीने मागितले तर उत्तर द्यावे लागते."

शिक्षक अजून आलेला नाही. पण या खेपेस तालुक्याच्या कार्यालयातून मागणी नाही असे उत्तर आले नाही. मागणी वर पाठविल्याचे पत्र आले आहे, आणि त्याची प्रत बाईंनी वहीत चिकटवून ठेवली आहे. पुढच्या बैठकीसाठी त्यांनी मुख्याध्यापकांकडे एक विषय लिहून दिला आहे. ग्रंथालयासाठी घ्यावयाच्या पुस्तकांची यादी, खरेदीच्या आधी. अध्यक्षांनीही मुलीच्या हाती निरोप धाडून ती वही दोन दिवसांसाठी मागून नेली होती. आम्ही निघालो तेव्हा ती अजून परत आलेली नव्हती.